डॉ. रखमाबाई आणि स्त्रीच्या संमतीचा प्रश्न

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने आपल्या समाजाच्या गेल्या शतकातील वाटचालीचे स्मरण करणे उचित ठरेल. या वाटचालीत घराच्या चार भिंतींआड स्त्रीवर होणाऱ्या जुलमाचा प्रश्न फार उशिरा चव्हाट्यावर आला. न्यायालयाने तो ऐकून घ्यावा यासाठी ज्या स्त्रीला स्वतः प्रतिवादी म्हणून उभे राहावे लागले, त्या डॉ. रखमाबाई यांच्या चरित्राचा अल्प परिचय वाचकांपुढे ठेवीत आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच निवर्तले. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. त्यामुळे आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजातील नामांकित अध्यापक आणि वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी होते. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा घरात रखमाबाईंना वाचनाची गोडी लागली. तथापि त्या काळच्या रूढीनुसार अकराव्या वर्षीच त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आला.

विवाहानंतर रखमाबाई सासरी नांदावयास गेल्या नाहीत. त्या माहेरीच वाढल्या व शिकल्या. दादाजींचे शिक्षण मात्र मागे पडले, प्रकृती ढासळली आणि ते मामांच्या आश्रयाने राहू लागले. रखमाबाई जाणत्या झाल्या तेव्हा त्यांनी या घरी जाण्यास स्पष्ट नकार दिला. न कळत्या वयात, आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक कसे, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. पतीची प्रकृती, चरितार्थ चालविण्याची असमर्थता आणि वर्तन ही कारणेही त्यांनी पुढे मांडली. वडिलांकडून आलेल्या मिळकतीवर सासरच्यांचा डोळा असल्याचेही त्यांच्या बाजूचे म्हणणे होते.

१८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा दाखल केला. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. तो मुळात इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांचा, आणि राज्यकर्त्यांबरोबर हिंदुस्थानात आलेला. विशेष म्हणजे, ज्या १८८४ साली मुंबईत हा दावा उभा राहिला, त्याच साली इंग्लंडने कायदा करून असा हुकूम मोडणाऱ्या जोडीदारास तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द केली. हिंदुस्थानात मात्र १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद कायम होती. म्हणजे मायदेशी टाकून दिलेले शस्त्र येथे धारदारच राहिले.

खटला चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले व रखमाबाईंचा मोठा आधार गेला. तरीही त्या डगमगल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी एका हिंदू स्त्रीच्या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे लिहिली व ती खूप गाजली. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. ज्या दांपत्याचा सहवास मुळात घडलाच नाही, तेथे पुनःस्थापना कसली, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा पुरुषाच्या स्वाधीन करणे हे रानटीपणाचे होय, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

या निकालाने एकच गहजब उडाला. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी त्यावर कडाडून टीका केली. परकीय न्यायाधीशाने हिंदूंच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, असा सनातनी पक्षाचा सूर होता. उलट बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. न्यायमूर्ती पदावर पुढे गेलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांच्या वकिलांपैकी एक होते. मार्च १८८६ मध्ये अपिलात पहिला निकाल फिरविण्यात आला व खटला पुन्हा चौकशीसाठी पाठविण्यात आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा कैद भोगावी, असा हुकूम दिला. बावीस वर्षांच्या या तरुणीने तुरुंग पत्करीन पण नांदावयास जाणार नाही, अशी भूमिका घेतली. हाच त्यांच्या आयुष्यातील खरा कसोटीचा क्षण होय.

पुढे व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, अशी हकीकत पुष्कळदा छापली जाते. परंतु प्रकरण मिटले ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची बजावणी न करण्याचे मान्य केले. कैद टळली, पण कायद्याने विवाह तसाच राहिला. पतीला दुसरा विवाह करण्याची मोकळीक होती व दादाजींनी तो केलाही. रखमाबाईंना मात्र ती वाट बंद होती.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ साली वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. त्यांना द्रव्यसाहाय्य करणाऱ्यांत इंदूरचे महाराज शिवाजीराव होळकर यांचे नाव आढळते. त्यांनी पाचशे रुपयांची देणगी दिली होती. आपल्या माळवा-निमाडच्या वाचकांस हे आवर्जून सांगावेसे वाटते. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ साली त्यांनी ब्रुसेल्सची एम.डी. ही पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर प्रथम सुरतेस व नंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचा वेष धारण केला. ज्या विवाहाविरुद्ध त्या लढल्या, त्याचेच हे चिन्ह पाहून वाचक बुचकळ्यात पडतो. पण चरित्रकाराने अशी विसंगती झाकून ठेवू नये. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी कालवश झाल्या. मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र जिज्ञासूंनी अवश्य वाचावे.

रखमाबाईंच्या खटल्याचे पडसाद पुढे उमटत राहिले. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. त्याच साली इंग्लंडच्या न्यायालयाने पतीला पत्नीस कोंडून ठेवण्याचा अधिकार नसल्याचे ठरविले. हिंदुस्थानात अशा दाव्यांतील कैद १९२३ साली रद्द झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग दिला. मात्र पुनःस्थापनेचा दावा कलम ९ मध्ये कायम ठेवला. इंग्लंडने १९७० च्या कायद्याने तो काढून टाकला. आपल्याकडे १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला, परंतु पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वैध मानला.

घरातील हिंसेकडे स्वतंत्र गुन्हा म्हणून पाहण्यासही विलंबच लागला. इंग्लंडमध्ये १८७८ च्या कायद्याने मारहाण करणाऱ्या पतीपासून विभक्त राहण्याची मुभा पत्नीला मिळाली होती. आपल्याकडे पत्नीच्या छळाबद्दल ४९८-अ हे कलम १९८३ साली आले. ऑस्ट्रियात १९९७ पासून पोलिसांना मारहाण करणाऱ्यालाच घराबाहेर काढता येऊ लागले. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क व संरक्षणाचा आदेश मिळण्याची सोय केली. घर सोडायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर बदलले, हे या कायद्यांचे मोठे कार्य होय.

तरीही कायदा पुस्तकात असणे आणि तो पीडितेच्या दारी पोहोचणे यांत अंतर असते. रखमाबाईंपाशी शिक्षण होते, मिळकत होती, नामवंत वकील होते. धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाकडील डहीसारख्या गावात मार खाणाऱ्या स्त्रीपाशी यांतले काय असते? तिला आपला हक्क ठाऊक होणे ही पहिली पायरी, आणि ती ओलांडण्यास ग्रंथालयासारखी दुसरी जागा नाही. स्त्रियांच्या हाती पुस्तक देणाऱ्या संस्थेने शताब्दीच्या वर्षी रखमाबाईंचे स्मरण करावे, यातच त्या स्मरणाचे सार्थक आहे.