लक्ष्मणरावांचा टॉर्क

वर्कशॉपमधला टॉर्क रेंच कधी नीट बघितलाय? त्याच्यावर बहुतेक वेळा दोन स्केल असतात, एक न्यूटन-मीटरचं आणि दुसरं पौंड-फूटचं. आमच्या विठ्ठलवाडीचे (कल्याणच्या पुढचं स्टेशन!) एक गॅरेजवाले काका यातलं एकही वापरत नाहीत. नट किती आवळायचा ते ‘किलो’मध्ये सांगतात. त्यांचा किलो म्हणजे किलोग्रॅम-मीटर. एकाच नटाला तीन भाषा! आपण मात्र १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर आणि १ पौंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर एवढं पाठ करून मोकळे होतो. या आकड्यांमागे जोर लावणारा कुणीतरी असतो, हे मला खरं समजलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल वाचताना. म्हणून हा लेख त्यांच्यावर.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. गंमत म्हणजे त्यांना व्हायचं होतं चित्रकार! त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, हे तिथे लक्षात आलं आणि रंग सोडावे लागले. उरलं मेकॅनिकल ड्रॉइंग, त्याला रंग लागत नाहीत. ते त्यांनी इतकं पक्कं केलं की पुढे व्हीजेटीआयमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि सरळ बेळगाव गाठलं. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलचं दुकान १८८८ पासून होतंच.

दुकानाचा कारखाना झाला तो शेतकऱ्यांच्या अवजारांमुळे. आधी कडबा कापण्याचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. नांगर कुणी घेईना, कारण लोखंडाने जमीन नासते असा लोकांचा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. त्यात बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि त्या स्टेशनचं नावसुद्धा किर्लोस्करवाडी आहे. पुढे तिथे उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रं, हातपंप असं बरंच काही तयार होऊ लागलं.

आता ही यादी इंजिनिअरच्या नजरेने बघा. यातली बरीचशी यंत्रं हाताने किंवा बैलाने फिरवायची आहेत. म्हणजे सगळा टॉर्कचाच खेळ! उसाचा चरक घ्या. मधे रोलर, त्याला लांब लाकडी दांडा आणि टोकाला बैल. समजा बैलजोडी ६० किलोचा जोर लावते आणि दांडा ३ मीटरचा आहे. टॉर्क झाला १८० किलोग्रॅम-मीटर. पौंड-फुटात तोच सुमारे १३०२ आणि न्यूटन-मीटरमध्ये सुमारे १७६५. आपल्या छोट्या पेट्रोल कारचं इंजिन १०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं. म्हणजे बैल जिंकले? टॉर्कमध्ये हो. पण बैल मिनिटाला दोन-तीन फेऱ्या मारतात आणि इंजिन हजारो, म्हणून पॉवरमध्ये इंजिन जिंकतं. टॉर्क आणि पॉवर यातला फरक यापेक्षा सोपा करून कोण सांगणार?

कडब्याच्या यंत्राचंही तेच. हँडल लांब केलं तर जोर कमी लागतो, पण हात मोठ्या वर्तुळात फिरवावा लागतो आणि माणूस वाकून वाकून दमतो. आखूड केलं तर यंत्र फिरतच नाही. हँडल किती लांब ठेवायचं हे पुस्तक एकटं ठरवू शकत नाही, फिरवणाऱ्याचा खांदा आणि उंचीही बघावी लागते. लक्ष्मणरावांच्या काळातली इंग्रजी पुस्तकं पौंड आणि फुटाची, तर गिऱ्हाईक शेर, मण आणि हाताने मोजणारं. या दोघांच्या मधे उभं राहून त्यांनी यंत्रं बनवली आणि ती शेतात चालली, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्याकडे मेट्रिक वजन-मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. पौंड जाऊन किलो आला. १९७६ च्या कायद्याने एसआय पद्धत आली आणि टॉर्कसाठी न्यूटन-मीटर अधिकृत झालं. त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य जुन्या मापांत गेलं. पण चरकाच्या दांड्याला याचा काय फरक पडला? बैल तेवढाच जोर लावत होता, बदललं ते फक्त आपलं सांगणं.

म्हणून युनिट बिनमहत्त्वाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ‘नट १० ने आवळ’ एवढंच सांगितलं तर १० न्यूटन-मीटर की १० किलोग्रॅम-मीटर? दोन्हींत जवळजवळ दहापट फरक आहे. एकात नट ढिला राहील, दुसऱ्यात बोल्ट तुटेल. त्यामुळे युनिट लिहायचंच, पण लिहिताना दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हेही डोळ्यांसमोर आणायचं. पुढच्या सेमिस्टरला मशीन डिझाइनच्या शीटवर हँडल काढाल, तेव्हा ते फिरवणारा हात कुणाचा आहे, एवढं नक्की विचारा.