लोकमान्यांचे पथ्य

१६ जून १९१४ च्या रात्री मद्रासकडून आलेली गाडी दौंड मागे टाकून पुण्याच्या दिशेने निघाली होती. पुणे स्टेशन येण्याआधीच, हडपसरला, पोलिसांनी एका कैद्याला उतरवून घेतले आणि मोटारीतून मध्यरात्रीनंतर गायकवाड वाड्याच्या दारात आणून सोडले. गाजावाजा होऊ नये म्हणून सरकारने केलेली ही व्यवस्था होती. कैदी होते बाळ गंगाधर टिळक. वय ५८ पूर्ण व्हायला महिनाभर कमी. सहा वर्षे ते ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात होते.

राजकीय इतिहासात ही रात्र अनेकांनी वर्णन केली आहे. वैद्यकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. शिक्षा झाली तेव्हा टिळक ५२ वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता. त्या काळी या रोगावर एकही खात्रीचे औषध नव्हते. परका मुलुख, अंगाची लाही करणारा उन्हाळा, तुरुंगाचे अन्न आणि रोज उतरत जाणारे वय. तरीही हा माणूस सहा वर्षांनी परत आला आणि पुढे आणखी सहा वर्षे देशभर फिरला. हे कसे जमले, याचे उत्तर त्यांच्या ताटात सापडते.

सोळाव्या वर्षाची कमाई

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. लहानपणी प्रकृती किरकोळ. १८७२ मध्ये वडील गेले, त्याच वर्षी ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ सगळे शरीर कमावण्यात घालवले. तालीम, कुस्ती, मुळा-मुठेत पोहणे, नाव वल्हवणे आणि भरपूर जेवण. अभ्यास मागे पडला, पण हाडापेराने किरकोळ असलेला मुलगा वर्षाअखेर धट्टाकट्टा झाला.

त्या पिढीत हे किती मोलाचे होते ते त्यांच्या सहकाऱ्यांकडे पाहिले की कळते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये गेले, तेव्हा वय बत्तीसही नव्हते. गोपाळ गणेश आगरकर दम्याने जर्जर होऊन १८९५ मध्ये गेले, वय ३८. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. दोघांचेही वजन घटले, पण टिळकांचे शरीर पुन्हा भरून आले.

मात्र तारुण्यातली कमाई जन्मभर पुरत नाही. स्नायू वापरात नसले की झिजतात, आणि वयाच्या तिशी-चाळिशीनंतर ही झीज वाढते. आपण खाल्लेल्या भाकरी-भातातून जी साखर रक्तात येते, तिचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे स्नायू. हा ग्राहक आळसावला की साखर रक्तातच साचून राहते.

बैठे काम, सुपारी आणि चहा

चाळिशीतले टिळक म्हणजे अग्रलेख सांगणारे, कायद्याची पुस्तके चाळणारे, कोर्टाच्या पायऱ्या चढणारे टिळक. १८८७ पासून ‘केसरी’ची धुरा त्यांच्याकडे होती. रात्री उशिरापर्यंत बैठका, माणसांचा अखंड राबता आणि जेवणाच्या वेळांची ओढाताण. सुपारीची सवय मात्र पक्की. बोलता बोलता अडकित्ता चालू असायचा. त्यांच्या वेळी सुपारीकडे कोणी दोष म्हणून पाहत नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे की नुसती सुपारीही, तंबाखू न घालता, तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते.

चहाचा प्रसंग तर पुण्याच्या इतिहासात गाजलेला आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचा वाद झाला. तेव्हा प्रश्न होता चहा कोणाच्या हातचा. आज दवाखान्यात तोच चहा निघतो तेव्हा प्रश्न असतो दिवसातून किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती चमचे साखर.

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. या तुरुंगवासाने प्रकृती चांगलीच खालावली. सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीआधी, सुटका झाल्यावर ते विश्रांतीसाठी सिंहगडावर गेले. गडावरची हवा त्यांना मानवत असे, आणि पुढेही ते तेथे जाऊन राहत. नंतर ताईमहाराज प्रकरणाच्या खटल्यांनी काही वर्षे खाल्ली. १९०८ मध्ये दुसरा राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा मधुमेह अंगात मुरलेला होता. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता.

औषध नसलेला रोग

त्या वर्षी मधुमेह म्हणजे काय होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. रोग ओळखता येत होता. सुश्रुत-चरकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच गोड लघवीचे, तिला लागणाऱ्या मुंग्यांचे वर्णन केले होते. युरोपात लघवीतली साखर रसायन घालून मोजण्याच्या पद्धती रूढ झाल्या होत्या. पण ती साखर कमी करायला हातात फक्त आहार होता.

१८७० साली पॅरिसला जर्मन फौजांचा वेढा पडला आणि शहरात अन्नाचे दुर्भिक्ष झाले. तेव्हा बुशार्दा नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आले, की उपाशी राहणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी होते आहे. पुढे टिळक मंडालेत असतानाच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक ॲलन हे डॉक्टर रुग्णांना ठरवून अर्धपोटी ठेवण्याचा उपचार करू लागले. लहान मुले या उपचाराने काही महिने, काही वर्षे जगत आणि कृश होऊन जात. मध्यमवयीन, अंगाने भरलेल्या रुग्णांना मात्र त्याचा गुण येत असे. कारण हे दोन रोग वेगळे होते, हे पुढे स्पष्ट झाले.

मंडालेचे ताट

सप्टेंबर १९०८ मध्ये टिळक मंडालेला पोहोचले. काळ्या पाण्याची शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलली. लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी आणि थंडीत वारा आत सोडणारी. स्वयंपाकासाठी सातारकडचा एक मराठी कैदी, कुलकर्णी, त्यांना देण्यात आला.

येथे टिळकांनी आपले जेवण बदलले. गहू आणि तांदूळ बंद केले आणि सातूच्या पिठाचे पदार्थ सुरू केले. जोडीला दूध-दही. सातू म्हणजे जव, संस्कृतातला यव. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाचा मुख्य आहार म्हणून जवच सांगितला आहे, आणि सुश्रुताने अशा रुग्णाला मैलोन् मैल चालायला लावले आहे. हे पथ्य टिळकांनी चार दिवस केले आणि सोडले असे झाले नाही. वर्षानुवर्षे चालवले. लघवीतली साखर आटोक्यात आली आणि तीही औषधांवाचून.

याचे कारण आज नीट सांगता येते. जवात बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. पोटात गेल्यावर तो खिरीसारखा दाट होतो, अन्न आतड्यात हळूहळू पुढे सरकते आणि साखर रक्तात एकदम उसळत नाही. पोटही लवकर भरते. शिवाय तुरुंगात जेवण मोजके, वेळेवर आणि रोज तेच. मेजवानी नाही, आग्रह नाही, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबरचा चहा नाही.

याच काळात, नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या पाच महिन्यांत, टिळकांनी ‘गीतारहस्य’चा मसुदा पेन्सिलीने लिहून काढला. जोडीला जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचा अभ्यास. साखर फार वाढलेल्या माणसाला थकवा येतो, वारंवार लघवीला उठावे लागते, झोप मोडते, नजर अंधुक होते. पाच महिने सलग असे लेखन होणे, हीच तब्येत ताब्यात असल्याची एक खूण मानता येईल.

घरी राहिलेली रुग्ण

या कथेची दुसरी बाजू दुःखाची आहे. सत्यभामाबाईंनाही मधुमेह होता. नवरा हजारो मैल दूर, घरावर सरकारची नजर, मुलांची काळजी. ७ जून १९१२ रोजी त्या पुण्यात गेल्या. बातमी टिळकांना मंडालेत तारेने कळली. चाळीस वर्षांचा संसार होता, आणि शेवटच्या चार वर्षांत भेट नव्हती.

एकाच घरातल्या दोघांना एकच रोग होणे हे आजही आपण रोज पाहतो. ताट एक, सवयी एक, चिंता एक. आणि घरातल्या बाईचे पथ्य सगळ्यांत शेवटी येते, हेही आजचेच आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरेल ते तिचे जेवण.

सुटकेनंतरची सहा वर्षे

१९१४ नंतरचे टिळक विश्रांती घेणारे नव्हते. १९१६ मध्ये होमरूल लीग, साठाव्या वाढदिवसाची एक लाख रुपयांची थैली, लखनौचा करार, गावोगावच्या सभा. १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि वर्षभराहून अधिक काळाने परतले. जुलै १९२० मध्ये मुंबईत सरदारगृहात मुक्काम असताना हिवतापाने गाठले, त्यावर न्यूमोनिया झाला, आणि १ ऑगस्टच्या पहाटे, मध्यरात्र उलटल्यावर, त्यांचा अंत झाला. वय ६४.

पुढच्याच वर्षी कॅनडात टोरांटो येथे बॅंटिंग आणि बेस्ट यांच्या हाती इन्शुलिन आले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते प्रथम टोचले गेले. टिळकांच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. न्यूमोनियावर चालणारी प्रतिजैविके यायला तर आणखी पंधरावीस वर्षे होती. मधुमेह्याला जंतुसंसर्ग जास्त जड जातो, हे आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवले जाते.

कोठडीबाहेरचे पथ्य

टिळकांची जिद्द मोठी होती, यात शंका नाही. पण मंडालेत जिद्दीला परिस्थितीचीही साथ होती. जे खायचे नाही ते समोरच येत नव्हते. आपले तसे नाही. शिरूर-दौंडकडच्या पन्नाशीच्या माणसाला सकाळी टपरीवरचा चहा, दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनचा वडा, स्टेशनवर गाडीची वाट पाहताना भजी, गुऱ्हाळावर काकवी आणि ताजा गूळ, थंडीत हुरडा आणि त्याबरोबर शेव-गूळ, लग्नसराईत जिलेबी असे रोज काहीतरी समोर येते. रांजणगावच्या नाहीतर सिद्धटेकच्या दर्शनाहून येताना मोदक-पेढे हातात असतातच. गणपती सार्वजनिक करणाऱ्या टिळकांनाही प्रसाद नाकारा, असे कोणी सांगितले नसते. तो चिमटीत घ्यावा, वाटीने घेऊ नये.

आपल्या अंगाची ठेवणही ध्यानात घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला आहे. याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती माता आणि बाळांचा अभ्यास केला. येथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त. म्हणून सडपातळ दिसणाऱ्या शेतकऱ्यालाही पोट सुटले की मधुमेह गाठतो. वजनकाट्याबरोबर कमरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की तपासणी करून घ्यावी.

उशीर झाला, आता काय उपयोग, असे पन्नाशीत अनेकजण म्हणतात. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन ७ टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढेच ठरवले होते, आणि त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ब्रिटनमध्ये २०१७ च्या एका अभ्यासात मधुमेह झालेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक, डॉक्टरांच्या देखरेखीखाली खाणे कमी करून, वर्षभरात औषधांशिवाय साखर काबूत ठेवू लागले. टिळकांना मंडालेत जो अनुभव आला, त्याच्याशी हे जुळते.

मात्र एक पथ्य टिळकांच्या वेळी नव्हते आणि आज आहे. चालू असलेल्या गोळ्या किंवा इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नये. आहार बदलला की साखर उतरते, आणि तेव्हा औषध किती कमी करायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे.

बाकी गोष्टी घरच्या घरी जमतात. गव्हाच्या पिठात जव किंवा ज्वारी मिसळावी. भात एक मूद. चहात साखर निम्मी करून महिनाभराने बंद करावी. गूळ म्हणजेही साखरच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली आणि रोज अर्धा तास भरभर चालणे. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, जोर झेपतील तेवढे. फरसाणाचा डबा नजरेआड ठेवण्यापेक्षा घरात न आणणे सोपे. आणि हे सारे घरातल्या एकट्या रुग्णासाठी वेगळे न करता सगळ्यांच्या ताटात आणावे, म्हणजे घरातल्या बाईचेही पथ्य आपोआप सांभाळले जाते.