सरखेल तुळाजी आंग्रे यांचें उत्तरायुष्य

दौंडच्या पेठेंत धान्याचे सौदे करणाऱ्या गृहस्थांस समुद्र दूरचा वाटेल. परंतु ज्याच्या हातीं समुद्र त्याच्याच हातीं परदेशचा व्यापार, हा हिशेब घाटावरच्या मुत्सद्द्यांनीं नजरेआड केल्यानें काय झालें, तें तुळाजी आंग्र्यांच्या चरित्रांत दिसतें.

कान्होजी 1729 त वारले. पुढें मुलांत भाऊबंदकी माजली, आणि 1735 त बाजीरावांनीं कुलाबा मानाजीस व विजयदुर्ग संभाजीस देऊन दौलतीचे दोन तुकडे केले. संभाजींमागें सरखेली तुळाजींकडे आली. आरमाराच्या कामीं ते बापाचे खरे वारस. आंग्र्यांचें दस्तक न घेतां जाणारें गलबत, मग तें कोणाचेंही असो, ते धरीत. इंग्रजांचें ‘रेस्टोरेशन’ जहाज त्यांनीं 1749 त पकडलें. 1754 त तीन डच जहाजांवर चालून जाऊन दोन उडविलीं व तिसरें हस्तगत केलें. इंग्रज त्यांस चांचे म्हणत. आपल्या किनाऱ्यावर दस्तक मागणारा चांचा, आणि हजारों कोसांवरून येऊन परवाने देणारा मात्र सावकार, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

तथापि तुळाजी पुण्याचा हुकूम मानीत नसत, आणि अमात्य व प्रतिनिधि यांच्या मुलखासही त्यांचा उपद्रव होई. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. उपाय मात्र घातक होता. मार्च 1755 त रामाजी महादेवांमार्फत इंग्रजांशीं करार झाला. एप्रिलांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला, आणि फेब्रुवारी 1756 त वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजी तेव्हां बोलणें लावण्यास पेशव्यांच्या छावणींत गेले होते. तोफेच्या गोळ्यानें ‘रेस्टोरेशन’ पेटलें, आग शेजारच्या गुराबांस लागली, आणि दोन पिढ्यांचें आरमार पाहतां पाहतां जळालें. सुमारें दहा लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांतच वांटली. किल्ला परत मिळण्यास ऑक्टोबर उजाडला, व बाणकोट कायमचें सोडावें लागलें.

सेवेंतून निवृत्त झालेल्या दर्यासारंगास घर, मान आणि जुन्या अनुभवाचा सल्ला विचारणारे लोक लाभतात. तुळाजींच्या वांट्यास बेड्या आल्या. समुद्रावर वाढलेल्या पुरुषास डोंगरी किल्ल्यांत ठेविलें, आणि कैदेंतच त्यांचा अंत झाला. विजयदुर्गास पुन्हां आरमार उभें राहिलें, धुळपांनीं तें पराक्रमानें चालविलेंही. परंतु ज्यास त्या किनाऱ्याचा खडक न् खडक ठाऊक होता, त्यास कोणी कांहीं विचारलें नाहीं. पुढें त्यांचे दोन मुलगे कैदेंतून निसटले. त्यांस आसरा मिळाला तो मुंबईस, इंग्रज गव्हर्नर क्रॉमेलिन याच्या कारकीर्दींत.