बीजगणिताचे आचार्य : भास्कराचार्य

हैदराबादच्या सुलतान बाजारात १३५ रुपयांस एक याप्रमाणे बारा वस्तू घेतल्या, तर मुरब्बी दुकानदार कागद-पेन्सिल शोधीत बसत नाही. तो दहांचे १,३५० धरतो, दोहोंचे २७० मिळवितो आणि १,६२० रुपये मागतो. वर्गात यालाच आपण वितरणाचा गुणधर्म म्हणतो. नेमके हेच दोन आकडे घेऊन ही रीत ज्यांनी आठशे वर्षांहून अधिक काळापूर्वी शिकविली, त्या भास्कराचार्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नगरात झाला. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे पंडित व तेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचिला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत.

१३५ ला १२ ने गुणण्याच्या अनेक रीती ‘लीलावती’त आहेत. बाराचे आठ व चार असे खंड करून गुणाकार मिळवावे. तीन व चार यांनी क्रमाने गुणावे. किंवा विसांनी गुणून आठपट वजा करावी. वाट कोणतीही घेतली तरी उत्तर एकच. ‘बीजगणिता’त त्यांनी हेच नियम धन, ऋण, शून्य व अज्ञात राशींना लाविले. अज्ञात राशींना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे दिली. तीन काळे व दोन निळे यांची बेरीज एका राशीत होत नाही, कारण त्या भिन्न जातीच्या. गुणाकार मात्र होतो. दोन ऋणांचा गुणाकार धन येतो, हेही त्यांनी सांगितले.

एवढ्या थोर आचार्यांचाही एक नियम आज टिकत नाही. शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागल्यास मूळ संख्या परत मिळते, असे ते मानीत. परंतु पाचास शून्याने गुणा वा सातास, उत्तर शून्यच. मग त्या शून्यातून परत कोणत्या संख्येकडे जावे? गणितात नियमाची परीक्षा नावाने होत नाही, ती गुणधर्मानेच होते.

१५८७ मध्ये फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणिली. लीलावती ही आचार्यांची कन्या, ही प्रसिद्ध कथा त्या भाषांतरातूनच पसरली. तिला जुना आधार सापडत नाही. आधार सापडतो तो चाळीसगावजवळील पाटण येथे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला व १२०७ मध्ये त्यास दान मिळाले, असे तेथील शिलालेख सांगतो. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणिला.

आजोबांचे स्मारक म्हणून नातवाने पाठशाळा उभारावी, याहून उचित ते काय! विद्यार्थी मित्रहो, गुणधर्मांची नावे पाठ करण्यापूर्वी १३५ ला बाराने चार रीतींनी गुणून पाहा. त्या आचार्यांना तीच वंदना पोचेल, असे आम्हांस वाटते.