प्लेगची लस आणि डॉ. हाफकीन : भरोसा कसा बसतो, कसा तुटतो

परळची हाफकीन संस्था आपल्याला पोलिओच्या डोसामुळे माहीत आहे. पण हे हाफकीन कोण, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील. म्हणून आज त्यांच्याविषयी.

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म 1860 साली ओडेसा शहरात एका ज्यू घराण्यात झाला. रशियात ज्यूंना बढतीचे दरवाजे बंद होते. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1893 साली ते हिंदुस्थानात आले.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. सरकारने हाफकीन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत, मोजक्या माणसांच्या मदतीने त्यांनी तीन महिन्यांत लस बनवली. 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, राजी असलेल्या कैद्यांना लस दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी दिसला.

त्याच सुमारास सरकारने दुसरा रस्ताही धरला होता. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. घराघरांत झडत्या सुरू झाल्या, आजाऱ्यांना उचलून नेऊ लागले. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं, तेव्हा तिथले मोमीन विणकर भडकले आणि दंगल झाली. भिवंडीच्या मागवाल्या घराण्यांना ही बिरादरी परकी नाही. बायका-मुलींची बेअब्रू होईल, ही त्यांची भीती होती. ती भीती समजून न घेता नुसता कायदा चालवला की असंच होतं.

याउलट तरुण आगाखान, सर सुलतान मुहंमद शाह यांनी काय केलं? त्यांनी हाफकीन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला आणि आपल्या लोकांसमोर स्वतः लस घेतली. ते पाहून हजारो खोजांनी दंड पुढे केला. इथे पोलिसांची गरजच पडली नाही.

1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. पण 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. खापर प्रयोगशाळेवर फुटलं आणि हाफकीन यांना बाजूला करण्यात आलं. पुढे चौकशीतून कळलं, की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नव्हतं. 1907 साली, रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिल्यावर, हाफकीन निर्दोष ठरले. नंतर त्यांनी कलकत्त्यात काम केलं. 1925 साली परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. 1930 साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे त्यांचा इंतकाल झाला.

लस चांगली असून भागत नाही. ती टोचणारा हातही शिकलेला हवा, हा मुलकोवालचा धडा आहे. आज लसीच्या बॅचेस कसौलीच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासून मगच बाहेर पडतात. प्रत्येक मुलासाठी नवी सिरिंज वापरायची असते. गोवर-रुबेलाची बाटली तयार केल्यावर चार तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची, असा नियम आहे. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबवतात, तेही उगाच नाही.

2022 च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव आणि आपल्या भिवंडीत गोवर पसरला. लस न मिळालेली मुलं आपल्याच मोहल्ल्यांत बरीच होती. शंका असणं गुनाह नाही. नर्सबाईंना विचारा : सिरिंज नवी आहे का, बाटली कधी उघडली? तो आपला हक आहे. जवाब मिळाला की बाळाला पुढे करा. आणि मोहल्ल्यातल्या ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी आपल्या घरच्या मुलांपासून सुरुवात करावी.