वसाहतोत्तर साहित्य म्हणजे काय? अण्णा भाऊ साठे आणि ‘फकिरा’

युरोपीय सत्तांनी ज्या लोकांवर राज्य केले, त्यांची ओळखही त्याच सत्तांनी कागदावर लिहून ठेवली. ती खोडून आपली गोष्ट आपण सांगणारे साहित्य म्हणजे वसाहतोत्तर साहित्य. उदाहरण म्हणून चिनुआ अचेबे यांची १९५८ सालची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ हमखास दिली जाते. पुढच्याच वर्षी मराठीत ‘फकिरा’ आली, तिची आठवण मात्र या संदर्भात क्वचितच निघते.

‘फकिरा’चे लेखक अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. मूळ नाव तुकाराम. मांग समाजातल्या या मुलाची शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढे वडिलांसोबत ते पायी मुंबईला गेले. तिथे हमाली केली, गिरणीत राबले, कामगार चळवळीत शाहीर झाले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरू लागला. सरकारी हजेरी द्यावी लागे. ‘फकिरा’तही ही हजेरी आहे. सरकारच्या लेखी फकिरा दरोडेखोर. कादंबरीत मात्र तो दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य आणि सरकारी खजिना लुटतो, आणि आपल्या माणसांना ओलीस धरल्यावर स्वतःहून हजर होतो. दप्तरातला आरोपी इथे नायक होतो. वसाहतोत्तर लेखनाचे हे पहिले लक्षण.

दुसरे लक्षण भाषेचे. अण्णा भाऊंनी वारणाकाठच्या बोलीला कादंबरीत आणले. लावणी, पोवाडा आणि तमाशा आधीपासून हाताशी होतेच.

तिसरा प्रश्न अधिक अवघड: गोरा साहेब गेल्यावर सुटले कोण? १६ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, अण्णा भाऊ मुंबईत हे स्वातंत्र्य खोटे असल्याचे सांगत मोर्चात उतरले होते. त्यांच्या कथांत जात आणि भूक साहेबाबरोबर बोटीत बसून जात नाहीत. गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द व्हायलाही १९५२ साल उजाडले.

‘फकिरा’ त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. तरी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतले त्यांचे हलाखीचे दिवस सरले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी.