नाकारलेल्या चित्रांचे घर : गर्ट्रूड व्हिटनी

आगगाड्यांच्या धंद्यात अमाप पैसा मिळविलेल्या न्यूयॉर्कच्या व्हँडरबिल्ट घराण्यात ९ जानेवारी १८७५ रोजी गर्ट्रूडचा जन्म झाला. १८९६ साली हॅरी पेन व्हिटनी या तितक्याच धनाढ्य तरुणाशी तिचे लग्न झाले. पुढे तीन मुले झाली. पतीचा सारा जीव घोड्यांत आणि पोलोत! बाईंचे मन मात्र मेजवान्यांत रमेना. त्या शिल्पकला शिकू लागल्या. श्रीमंत बाईची हौस म्हणून लोकांनी आपले काम धुडकावू नये, यासाठी आरंभी त्या दुसऱ्याच नावाने शिल्पे मांडीत. कोट्यधीशाच्या लेकीलाही आपले नाव लपवावे लागले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

१९०७ साली ग्रिनिच व्हिलेज भागातील एका बोळात, जुन्या तबेल्याच्या जागी, त्यांनी स्टुडिओ थाटला. आसपास गरीब चित्रकारांची वस्ती होती. त्या काळी अमेरिकेतले धनिक चित्रे घेत ती युरोपातली. आपल्या देशातल्या जिवंत चित्रकाराकडे कोण पाहतो? रस्ते, बाजार, कष्टकऱ्यांची मुले रंगविणाऱ्यांना तर मान्यवर प्रदर्शनांत थारा मिळणे कठीण. १९०८ साली रॉबर्ट हेन्री आणि त्यांच्या सात सोबत्यांनी स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यात एकूण सात चित्रे विकली गेली. त्यांतली चार एकट्या व्हिटनीबाईंनी घेतली.

पण केवळ विकत घेऊन भागत नाही, चित्र चार लोकांनी पाहावे लागते. म्हणून १९१४ साली त्यांनी प्रदर्शनासाठी जागा केली आणि १९१८ साली चित्रकारांचा एक क्लबच काढला. सगळी व्यवस्था ज्युलिआना फोर्स या त्यांच्या सहायक बाई पाहत. १९२० साली या क्लबात एडवर्ड हॉपर नावाच्या सदतीस वर्षांच्या चित्रकाराचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. सोळा चित्रे होती. एकही विकले गेले नाही.

१९२९ पर्यंत बाईंच्या संग्रहात पाचशेंवर कलाकृती जमल्या. घरात किती ठेवणार? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमला त्या फुकट देऊ केल्या. निरोप घेऊन फोर्सबाई गेल्या, आणि नकार घेऊन परतल्या. दुसरी एखादी रुसून घरी बसली असती. व्हिटनीबाईंनी स्वतःचे म्यूझियमच काढायचे ठरविले! त्याच वर्षी शेअरबाजार कोसळून देशावर मंदीची अवकळा आली होती. तरी ओळीतली जुनी घरे जोडून १९३१ च्या नोव्हेंबरात व्हिटनी म्यूझियमची दारे उघडली. पहिल्या संचालिका म्हणून फोर्सबाईंची नेमणूक झाली.

१९३२ पासून तेथे हयात अमेरिकन कलावंतांची मोठी प्रदर्शने भरू लागली. निवडीला परीक्षक नाहीत, बक्षिसे नाहीत; आमंत्रण मिळालेल्याने आपले कोणते चित्र पाठवायचे ते आपणच ठरवायचे. बक्षिसाऐवजी म्यूझियम प्रदर्शनातली चित्रे विकत घेई. मंदीच्या त्या दिवसांत ताम्रपटापेक्षा घरभाड्याची रक्कम मोलाची, हे बाईंना नेमके उमगले होते. म्यूझियम म्हणजे गतकाळच्या वस्तू जपण्याची जागा, ही समजूत अशी हळूहळू मोडली. आज रंगविलेले चित्र उद्या तेथे लागू शकते, हे कळल्यावर चित्रकाराचा हात मोकळा होतो आणि गिऱ्हाइकालाही धीर येतो.

बाईंचे स्वतःचे शिल्पकामही चालूच होते. टायटॅनिक बोटीच्या अपघातात प्राण गमावलेल्यांचे वॉशिंग्टनमधील स्मारक त्यांनीच घडविले आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांसाठी इस्पितळही उभारले होते. १८ एप्रिल १९४२ रोजी त्या वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे म्यूझियम मेट्रोपॉलिटनमध्ये विलीन करण्याचा बेत निघाला. तो १९४८ साली मोडला, हे बरेच झाले.

ज्या हॉपरचे १९२० साली एकही चित्र खपले नव्हते, तो पुढे अमेरिकेचा थोर चित्रकार ठरला. १९६७ साली तो वारला. पाठोपाठ १९६८ साली त्याची चित्रकार पत्नी जोसेफिनही गेली. तिच्या मृत्युपत्राने घरातल्या तीन हजारांवर कलाकृती व्हिटनी म्यूझियमला मिळाल्या.